अर्ध्या लिटरच्या फवाऱ्यासाठी अडीच मिलि कडुनिंब तेल अचूक मोजताना

लिटरभर पाण्याला ५ मिलि कडुनिंब तेल हे प्रमाण नेहमी सांगितले जाते, पण घरगुती फवारा अर्ध्या लिटरचा असल्याने २.५ मिलि लागते. ते नीट मोजता न आल्यामुळे माझ्या जास्वंदीवर कधी पिठ्या ढेकूण ही कीड तशीच राही, तर कधी पाने करपत. चहाचे चमचे एका मापाचे नसतात, झाकणाला तेल चिकटून राहते, आणि पाण्याच्या साधारण २० थेंबांचा १ मिलि हा हिशेब तेलाला लागू पडत नाही, कारण पृष्ठताण कमी असल्याने तेलाचा थेंब लहान पडतो. एक बहर यातच वाया गेल्याने वैताग आला.

उपयोगी पडली ती औषधाच्या दुकानातील ५ मिलिची, सुई काढलेली सिरिंज. प्रथम त्या सिरिंजने पाणी दहा वेळा भरून स्वयंपाकघरातील वजनकाट्यावरच्या वाटीत सोडले. ५० ग्रॅमच्या आसपास वजन भरल्याने खुणांवर विश्वास बसला. (ही पडताळणी तेलाने करू नये, ते पाण्यापेक्षा हलके असते.) थंडीत तेल गोठते, म्हणून बाटली आधी कोमट पाण्यात ठेवावी. मग थोडे तेल ओढून परत सोडावे, म्हणजे हवा निघून जाते. त्यानंतर सावकाश २.५ च्या पुढे ओढून, टोक बाटलीच्या तोंडाशी धरून, दट्ट्याच्या रबराची पुढची कड खुणेवर येईपर्यंत जादा तेल बाटलीत सोडावे. टोकात शेवटी उरणारे तेल मापाबाहेरचे असते, ते झटकू नये. हे तेल आधी थोड्या साबणाच्या पाण्यात घोटून मगच फवाऱ्यात ओतावे.