जुन्या वाड्यातील हॉटेलात खोली घेण्यापूर्वी

नाशिकच्या जुन्या गावठाणात किंवा पंचवटीत, पेशवेकालीन वाड्याचे रूप राखून चालवलेल्या हॉटेलात मुक्काम करायचा असेल, तर खोलीचे छायाचित्र पाहून पैसे भरू नयेत. आधी फोन करून खोली कोणत्या मजल्यावर आहे, हे विचारावे. वाड्याचा जिना बहुधा भिंतीच्या पोटातून चढतो, अरुंद आणि काळोखा असतो, त्याच्या पायऱ्या गुडघाभर उंच असतात आणि आधाराला वरून सोडलेला दोर तेवढा असतो. सोबत आजी-आजोबा असतील, तर चौकालगतची तळमजल्यावरील खोलीच मागावी आणि स्वच्छतागृह खोलीला जोडून आहे ना, याचीही खात्री करून घ्यावी.

वरच्या मजल्याची जमीन लाकडी पाटांची असल्यास डोक्यावर कोणी चालले तरी झोपमोड होते. ज्यांची झोप सावध आहे, त्यांनी सर्वांत वरची खोली घ्यावी. दाराची चौकट बुटकी आणि उंबरा उंच असतो, म्हणून रात्री उठताना दिवा लावूनच पाऊल टाकावे.

पावसाळ्यात वाडा गोदाकाठी असेल तर विशेष काळजी घ्यावी. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले, यावर नाशिककर आजही पुराचा अंदाज घेतात. त्या दिवसांत गाडी नदीपात्रालगत मुळीच लावू नये. गल्लीत गाडी शिरते का, हे तर आधीच विचारावे. चुन्यात बांधलेल्या जाड भिंतींमुळे मोबाइलची रेंज अनेकदा चौकातच मिळते, मात्र त्याच भिंती एप्रिल-मे महिन्यांतील दुपारी खोली थंड ठेवतात.