बाळ पोटात कसं बसलंय त्यावर तुमची झोप ठरते
सातव्या महिन्यानंतर माझी कंबर इतकी धरायची की इंदूरच्या राजवाड्यापासून जवळच्या सराफा बाजारापर्यंत चालणंपण नको वाटायचं, सासूबाई म्हणायच्या गॅस झाला असेल, पण सोनोग्राफीत कळलं की बाळाचं डोकं खाली होतं पण पाठ माझ्या पाठीकडे, त्यामुळे सगळा भार मणक्यावर. अशा वेळी दिवसातून दोनतीनदा दहा मिनिटं हातगुडघ्यांवर ओणवं राहायचं, पोट खाली लोंबू द्यायचं, बाळ याने फिरेलच असं नाही पण कंबरेला खरंच आराम पडतो. डोकं वर असेल तर बरगड्यांखाली टणक गोळा लागतो आणि लाथा खाली बसतात, मग थोडं थोडं खा, ताठ बसा (रात्रीची कचोरी तर विसराच!). डोकं खाली सरकलं की श्वास मोकळा होतो पण बाथरूमच्या फेऱ्या वाढतात, त्याला इलाज नाही. २८ आठवड्यांनंतर कुशीवर झोपा, गुडघ्यांमध्ये उशी, पोटाखाली घडी केलेली गोधडी. ३६ आठवड्यांनाही बाळ आडवं किंवा पायाळू असेल तर डॉक्टरांशी बोला, घरी कोणाकडूनही पोट चोळून घेऊ नका. हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट न बघता लगेच दवाखान्यात जा.