शब्दक्रम बदलला आणि पॅच अडला
मुक्तस्रोत प्रकल्पातील माझे पहिले योगदान, म्हणजे पहिला पॅच (प्रकल्पाला पाठवलेला बदल), एका प्रोग्रामच्या पीओ फाइलमधील (मूळ संदेश आणि त्यांची भाषांतरे ठेवणारी फाइल) संदेशांचे मराठी भाषांतर हे होते. इंग्रजी संदेशात फाइलींची संख्या आधी आणि फोल्डरचे नाव नंतर येत होते; या दोन्ही मूल्यांच्या जागी टक्का चिन्ह आणि मूल्याचा प्रकार (संख्या की मजकूर) सांगणारे अक्षर असते. मी मात्र ‘अमुक फोल्डरमध्ये इतक्या फाइली हलवल्या’ असे स्वाभाविक मराठी वाक्य लिहिले आणि गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनाच्या तपासणीत ते अडले, कारण प्रोग्राम मूल्ये मूळ क्रमानेच भरतो. मराठी वाक्यरचना मोडण्याची माझी तयारी नव्हती. अखेर उपाय सापडला: टक्का चिन्ह आणि ते अक्षर यांच्यामध्ये २ आणि डॉलर चिन्ह लिहिले की तेथे दुसरे मूल्य येते, १ लिहिला की पहिले (हे अंक इंग्रजीच हवेत). तेवढीच दुरुस्ती वेगळ्या कमिटमध्ये (बदलाच्या स्वतंत्र नोंदीत) पाठवली आणि ती स्वीकारली गेली.