हजेरी घेताना: नाव, क्रियापद आणि दाखला

नववीतलं मूल मधल्या सुट्टीत येऊन सांगतं, ‘बाई, मला त्या नावाने नका हाक मारू, किरण म्हणा.’ कागदावर नोंदवलेलं लिंग आपलं वाटत नाही असं मूल हे सांगतं, तेव्हा शिक्षकाने विचारायच्या गोष्टी तीनच. वर्गात सगळ्यांसमोर हे नाव चालेल का? ‘आलास’ म्हणू की ‘आलीस’? घरी माहीत आहे का, म्हणजे पालकसभेत आणि फोनवर कोणतं नाव घेऊ? शेवटचा प्रश्न हमखास राहून जातो आणि सगळ्यात महाग तोच पडतो. घरी काहीच माहीत नसताना शाळेतून गेलेल्या एका फोनने मुलाची शाळा सुटू शकते.

‘कधीपासून असं वाटतं?’, ‘डॉक्टरांना दाखवलं का?’ हे विचारू नका. हाक मारायला कागदही मागू नका. वर्गातल्या पिंकीला पिंकी म्हणताना आपण कधी तिचं आधार कार्ड पाहिलं होतं?

नाव सोपं असतं. मराठीत अडतं ते क्रियापदावर. इंग्रजीत सर्वनाम सांभाळलं की भागतं. आपल्याकडे समोर बसलेल्याशी बोलतानाही ‘गेला होतास’ की ‘गेली होतीस’ हे ठरवावं लागतं. मुलाने ‘ती म्हणा’ असं स्पष्ट सांगितलं असेल तर सरळ ‘आलीस, बसलीस, लिहितेस’ म्हणा. लिंगच टाळत बोललात तर ती पळवाट आहे हे मुलाला लगेच कळतं.

मुलाचं अजून ठरलेलं नसेल, किंवा दोन्हीपैकी काहीच नको असेल, तर मात्र काही वाक्यरचना कामी येतात. आज्ञार्थात लिंग नसतं: ये, बस, फळ्यावर लिही. भविष्यकाळातही नसतं: ‘उद्या येशील ना?’ सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जातं, म्हणून ‘डबा खाल्लास का?’, ‘वही आणलीस का?’ हे कुणालाही विचारता येतं. ‘उशीर का केलास?’ याचंही तसंच. फसवतात ती विसरणे, शिकणे, म्हणणे ही क्रियापदं. कर्म असूनही ती कर्त्याचंच लिंग घेतात: वही विसरलास, वही विसरलीस. तिथे ‘वही राहिली का?’ म्हणा, ‘काय म्हणालास?’ऐवजी ‘काय सांगितलंस?’ इंग्रजीत ही किंवा शी टाळून एका व्यक्तीसाठी वापरतात ते ‘दे’ (they) मराठीत ‘ते’ करून आणू नका. ‘ते आले’ म्हटलं की कुणी मोठे गृहस्थ आल्यासारखं वाटतं आणि ‘ते आलं’ म्हटलं की वस्तूबद्दल बोलल्यासारखं. (कोकणी-मालवणीत लहान मुलीला सहज नपुंसकलिंग वापरतात, तिथे ते लाडाचं असतं. घाटावर तसं ऐकू येत नाही.)

चुकलात तर तिथल्या तिथे दुरुस्त करा: ‘किरण आला… आली.’ आणि पुढचं नाव घ्या. दोन मिनिटं माफी मागत बसलात तर सगळा वर्ग किरणकडे वळून बघतो.

हजेरीपटात पुष्कळ शाळा आधी मुलगे, मग मुली लिहितात. नव्या वर्षी यादी आडनावांच्या अकारविल्हे लावली की एक मोठा प्रश्न गुपचूप सुटतो. ‘कु.’ राहू द्या, तो कुमार आणि कुमारी दोघांनाही चालतो. ‘आलो सर’, ‘आले सर’ऐवजी सगळ्या वर्गाला ‘हजर’ म्हणायची सवय लावा. एकट्या मुलासाठी केल्याचं कुणाला कळतही नाही. पीटीच्या रांगा उंचीप्रमाणे, स्नेहसंमेलनातल्या जागा भूमिकेप्रमाणे लावता येतात.

आता कागद. वर्गातली हाक, वहीवरचं लेबल, शाळेच्या स्पर्धेचं प्रशस्तिपत्र, फळ्यावरची यादी यांसाठी कुणाची मंजुरी लागत नाही. जनरल रजिस्टरचं, म्हणजे शाळेतल्या प्रवेशाच्या मूळ नोंदवहीचं, तसं नाही. तिथे मुख्याध्यापकांनाही परस्पर खाडाखोड करता येत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते. दहावीचा फॉर्म रजिस्टरवरून भरला जातो, म्हणून हॉल तिकीट, गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला यांवर तेच नाव उमटतं. नाव अधिकृत बदलायचं असेल तर पालकांनी पुढाकार घेऊन राजपत्रातली प्रसिद्धी वगैरे दहावीचा फॉर्म भरायच्या बऱ्याच आधी उरकावी. घरून साथ नसेल तर जुनं नाव कागदावर राहील हे मुलाला आधीच सांगा. बोर्डाच्या परीक्षेच्या दिवशी त्याला धक्का बसायला नको. युडायसच्या, म्हणजे शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन माहितीच्या नोंदीत लिंगाचा तिसरा पर्याय दिसतो म्हणून तो आपल्या मनाने निवडू नका. मुलाला तो नको असेल, आणि आधारशी नोंद जुळली नाही तर निस्तरायला पुन्हा तुम्हीच.

सहकारी शिक्षकांना कारण हवं असेल तर दोन गोष्टी पुरतात. 15 एप्रिल 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, आणि तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या 2019 च्या कायद्याने शिक्षणसंस्थांना भेदभाव करायला मनाई केली. स्टाफरूममध्ये याहून जास्त चर्चा झाली की तिचा विषय कायदा राहत नाही, मूल होतं.

स्वच्छतागृहाबद्दल मुलालाच विचारा, कुठे सुरक्षित वाटतं ते. दिवसभर पाणी न पिता बसणारी मुलं असतात, बाटली भरलेलीच घरी जाते. एकच दरवाजा आणि आतून कडी असलेलं स्वच्छतागृह असेल तर ते सगळ्यांसाठी खुलं ठेवा. फक्त त्याच मुलाला किल्ली दिलीत तर दरवाजावर पाटी लावल्यासारखंच झालं.

चिडवणाऱ्यांना ‘चिडवू नका’ एवढं सांगून भागत नाही. कोणता शब्द वापरायचा नाही तो नेमका सांगा, तारखेसह नोंद ठेवा. अंगाला हात लावणं किंवा कपडे ओढणं झालं तर ती मस्करी म्हणून सोडू नका. प्रकार लैंगिक असेल तर पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

आणि ऑफ तासाला येणाऱ्या शिक्षकांना विसरू नका. सगळी घडी तिथेच मोडते: नवे सर येतात, छापील हजेरीपट उघडतात आणि जुनं नाव मोठ्याने वाचतात. हजेरीपटात नावापुढे पेन्सिलीने ‘किरण’ लिहून ठेवा. मुलाला विचारूनच.