बायोटेकमधून पेटंटकडे वळताय? म्युनिकहून चार गोष्टी

पुण्यात मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करून मी म्युनिकला आले, तेव्हा वाटलं होतं की बायोटेक पेटंटमध्ये नव्वद टक्के विज्ञानच असणार. विज्ञान लागतंच. पण इथे कुठलीही फाइल उघडली की आधी दोन गोष्टी बघतात: अर्जाची तारीख कुठली आणि अर्जदार कोण.

क्रिस्पर ह्या जनुक कापण्याच्या तंत्राचंच घ्या. अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूट ह्या संशोधन संस्थेचं त्यावरचं युरोपियन पेटंट जानेवारी २०१८ मध्ये रद्द झालं आणि जानेवारी २०२० मध्ये अपिलातही तोच निकाल कायम राहिला. भांडण त्या तंत्रावर नव्हतंच. सुरुवातीच्या अमेरिकी अर्जांवर जे अर्जदार होते, त्यांतल्या एकाचं नाव पुढच्या आंतरराष्ट्रीय अर्जावर नव्हतं आणि त्याचा हक्क रीतसर हस्तांतरित झाल्याचा कागदही नव्हता. त्यामुळे अमेरिकी अर्जांची आधीची तारीख धरता आली नाही, मधल्या काळात प्रसिद्ध झालेलं साहित्य आडवं आलं आणि नावीन्य, म्हणजे शोध अर्जाआधी कुठे जाहीर नसण्याची अट, संपलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये युरोपियन पेटंट ऑफिसच्या विस्तारित अपील मंडळाने हा नियम बराच सैल केला, म्हणजे आज असं प्रकरण आलं तर निकाल वेगळाही लागेल. तरी हक्क हस्तांतराच्या सह्या आधी घ्या. ब्रॉडची ही फाइल युरोपियन पेटंट ऑफिसच्या ऑनलाइन रजिस्टरमध्ये कुणालाही फुकट वाचता येते. नव्या माणसाने कुठल्याही पाठ्यपुस्तकाआधी ती वाचावी, असं माझं मत आहे.

दुसरी गोष्ट पोस्टरची. अमेरिकेत स्वतःचा शोध जाहीर केल्यावरही अर्जाला वर्षभराची सवलत मिळते. युरोपात ती नाही. कॉन्फरन्सच्या कॉरिडॉरमध्ये तासभर लावलेलं पोस्टरसुद्धा तुमच्याच अर्जाविरुद्ध वापरता येतं. पीएच.डी.वाल्यांनी ॲब्स्ट्रॅक्ट पाठवण्याआधी विद्यापीठाच्या टेक ट्रान्सफर ऑफिसात (शोधांची पेटंट आणि लायसन्स बघणाऱ्या विभागात) जाऊन यावं. जर्मनीत विद्यापीठातल्या शोधावर हक्क सांगायचा पहिला अधिकार विद्यापीठाचा, पण त्यातून होणाऱ्या कमाईतले ३० टक्के कायद्याने संशोधकाचे. त्यामुळे तिथली माणसं तुमच्याच बाजूची आहेत असं समजायला हरकत नाही. आणि सहसंशोधक भारतात राहत असेल, तर परदेशात अर्ज करण्याआधी भारतीय कायद्याच्या कलम ३९ खालची परवानगी बघा. ही बाब इथल्या वकिलांच्याही लक्षात राहतेच असं नाही.

अमेरिकी व्हिडिओ बघून आलेल्यांची गंमत होते. तिथे २०१३ पासून नुसतं वेगळं काढलेलं नैसर्गिक जनुक पेटंटयोग्य नाही. इथे १९९८ च्या बायोटेक निर्देशानुसार ते चालतं, फक्त त्याचा औद्योगिक उपयोग अर्जातच सांगावा लागतो. उलट मानवी भ्रूणाच्या व्यापारी वापराला साफ बंदी. उपचाराच्या पद्धतीवर पेटंट नाही, पण ‘अमुक रोगाच्या उपचारासाठी तमुक रेणू’ असा क्लेम, म्हणजे नेमक्या कशावर हक्क हवाय ते सांगणारं वाक्य, चालतो. आमचा निम्मा दिवस ह्या वाक्यरचनेत जातो.

धंद्याच्या बाजूने बघितलं तर औषधाचं पेटंट वीस वर्षांचं, पण औषध विकायची परवानगी मिळेपर्यंत त्यातली बरीच वर्षं उडालेली असतात. म्हणून पूरक संरक्षण प्रमाणपत्राने जास्तीत जास्त पाच वर्षं वाढवून मिळतात. लायसन्स घेणारी कंपनी हीच शेवटची वर्षं मोजत बसते, कारण खरा पैसा तिथे असतो. जून २०२३ पासून एकात्मिक पेटंटही आलंय, म्हणजे अनेक युरोपीय देशांत मिळून एकच पेटंट. पण त्यासाठीच्या न्यायालयात एका खटल्यात हरलात तर सगळ्या सदस्य देशांतलं संरक्षण एकदम जातं. छोट्या कंपनीला एकुलत्या एका पेटंटवर ही जोखीम घ्यावी का, ह्यावर आमच्याकडे रोज वाद होतात.

आता करिअरचं. युरोपियन पेटंट ॲटर्नीच्या परीक्षेला विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी आणि नोंदणीकृत ॲटर्नीच्या हाताखाली काही वर्षं उमेदवारी लागते, एलएल.एम. सक्तीची नाही. पण एक अट एजंट लोक सांगत नाहीत: पास झाल्यावर युरोपियन पेटंट ऑफिसच्या ॲटर्नींच्या यादीत नाव लागायला सदस्य देशाचं नागरिकत्व लागतं. विशेष परिस्थितीत सूट मिळते, तिच्यावर बेत आखू नका. भारतीय पासपोर्टवर फर्ममध्ये ड्राफ्टिंग (पेटंट अर्ज लिहिणं), कंपनीचा पेटंट विभाग, टेक ट्रान्सफर हे रस्ते मोकळे आहेत. ह्या सगळ्यांत जर्मन आलं तर मुलाखतीचे फोन लवकर येतात, तेव्हा क्लास पुण्यातच लावा, तिथे फी कमी पडते.