एनआरएचएच: हॉस्टेल लीडर्सची ऑनर सोसायटी आली कुठून आणि तिच्यात जायचं कसं

दरवर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत अंडरग्रॅडला गेलेल्या पोरापोरींचे मेसेज येतात. ताई, एनआरएचएच नावाचं काहीतरी आहे, जॉइन करू का, की तो पैसे उकळायचा प्रकार आहे? शंका रास्त आहे, कारण तिकडे पहिल्याच सेमिस्टरला इनबॉक्समध्ये अमुक ऑनर सोसायटी (म्हणजे चांगल्या कामासाठी निवडक पोरांना मान देणारी संस्था) तमुक ऑनर सोसायटी असं बरंच काही येऊन पडतं आणि त्यातल्या काहींचा सगळा रस तुमच्या क्रेडिट कार्डातच असतो. पण हे प्रकरण खरं आहे. मी आमच्या कॅम्पसच्या चॅप्टरमध्ये, म्हणजे तिच्या तिथल्या शाखेत होते, तर जेवढं माहितीये ते एकदाच सविस्तर लिहून टाकते म्हणजे पुढच्या ऑगस्टला नुसती लिंक पाठवता येईल.

आधी थोडा इतिहास. कंटाळा करू नका, कारण आत कसं जायचं याचं उत्तर त्यातच आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतली कॉलेजं एकदम फुगली. परत आलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकार करत होतं (१९४४ चं जीआय बिल), पाठोपाठ १९५० च्या हाउसिंग ॲक्टमधून कॉलेजांना हॉस्टेल बांधायला स्वस्त कर्ज मिळायला लागलं, मग काय, मोठमोठे रेसिडेन्स हॉल उभे राहिले आणि त्यात हजारो पोरं राहायला आली. आता तोवर कॅम्पसवरचा मान, ओळखीपाळखी, पार्ट्या हे सगळं मुख्यतः फ्रॅटर्निटी-सोरॉरिटीवाल्यांकडे (मुलांचे आणि मुलींचे खास क्लब). त्यांची स्वतःची घरं, स्वतःचे बिल्ले, स्वतःचे समारंभ. शिवाय ऑनर सोसायट्यांची परंपरा तर जुनीच, फाय बीटा कप्पा १७७६ पासूनची, पण ती अभ्यासातल्या हुशारीसाठी. हॉलमध्ये राहून मजल्यावरची भांडणं मिटवणारा, नव्या पोरांना सामान वर न्यायला मदत करणारा, हॉल काउन्सिलचा, म्हणजे हॉलमधल्या विद्यार्थ्यांच्या समितीचा हिशोब ठेवणारा जो पोरगा होता त्याला कोण विचारतंय? आपल्या गणेश मंडळात नाही का, मांडव घालणारे रात्रभर राबतात आणि स्टेजवर शाल-श्रीफळ दुसऱ्यालाच, तसंच.

तर १९५४ साली आयोवा स्टेटमध्ये काही कॉलेजांमधली हॉलची पोरं जमली आणि मिडवेस्ट डॉर्मिटरी कॉन्फरन्स सुरू झाली. तीच पुढे वाढत वाढत नॅशनल असोसिएशन ऑफ कॉलेज अँड युनिव्हर्सिटी रेसिडेन्स हॉल्स झाली. विद्यार्थ्यांनीच चालवलेली संघटना, आणि आज ती स्वतःला अशा संघटनांमधली जगातली सगळ्यात मोठी म्हणवते. मग दहा वर्षांनी, १९६४ मध्ये, ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीत म्हणजे स्टिलवॉटरला, नॅशनल रेसिडेन्स हॉल ऑनररी सुरू झाली, हीच आपली एनआरएचएच. हॉलसाठी राबणाऱ्यांचा मान हॉलवाल्यांनीच करायचा, एवढा साधा विचार.

आज प्रत्येक कॅम्पसचा स्वतःचा चॅप्टर असतो आणि तो वर सांगितलेल्या नॅशनल असोसिएशनला दरवर्षी ॲफिलिएट व्हावा लागतो. मध्ये रीजन असतात, ओक्लाहोमा टेक्सासवाले एका रीजनमध्ये, कॅलिफोर्निया ओरेगनवाले दुसऱ्या, असं. आधी चार मूल्यं सांगायचे: अभ्यास, सेवा, नेतृत्व आणि रेकग्निशन (दुसऱ्याच्या कामाची दखल घेणं). नंतर छाटून दोनच मुख्य ठेवली, रेकग्निशन आणि सेवा. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आणि तो प्रसिद्ध एक टक्का. हॉलमध्ये राहणाऱ्यांपैकी साधारण वरचे १ टक्का लीडर आत घ्यायचे असा नियम, म्हणजे पाच हजार पोरं हॉलमध्ये राहत असतील तर पन्नासेक जागा. छोट्या कॉलेजांना यात थोडी सवलत असते. पण टॉप वन पर्सेंट ऐकून घाबरायचं कारण नाही, कारण ही परीक्षेतली पर्सेंटाइल नाही. जीपीए ठीकठाक लागतो, किती ते तुमचा चॅप्टर सांगेल, पण नुसत्या ४.० वर, म्हणजे पैकीच्या पैकी ग्रेडवर, कुणी आत घेत नाही.

बरं, आता करायचं काय.

सगळ्यात आधी बघा की तुम्ही राहता कुठे. एमएसला गेलेले आपले बहुतेक जण कॅम्पसबाहेर अपार्टमेंट घेतात, चौघात एक, तांदळाची पोती आणि कुकर घेऊन. त्यांना हे लागू नाही, विषय संपला. युनिव्हर्सिटीच्याच ग्रॅज्युएट हाउसिंगमध्ये असाल तर हाउसिंग ऑफिसला विचारा, कॅम्पसप्रमाणे उत्तर बदलतं. हॉलमध्ये राहणाऱ्या अंडरग्रॅडला मात्र दार उघडं आहे आणि व्हिसा कुठला याच्याशी त्याचा काही संबंध नाही. एक सांगून ठेवते, पुढे आरए (रेसिडेंट असिस्टंट, मजल्यावरच्या पोरांकडे लक्ष ठेवणारा विद्यार्थी) व्हायचा विचार असेल तर ती नोकरी आहे, एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांचीच मुभा असते तेव्हा ते तास आधी इंटरनॅशनल ऑफिसशी बोलून घ्या. एनआरएचएच नोकरी नाही, त्यात पगार नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

मग चॅप्टर आहे का ते शोधा. हाउसिंगच्या वेबसाइटवर असतं, नाहीतर तुमच्या मजल्याच्या आरएला विचारा, त्याला माहीत असतंच. खरा-खोटा ओळखायची खूण पण हीच. खऱ्या चॅप्टरला तुमच्याच कॅम्पसवर अॅडव्हायझर असतो, तो बहुतेक वेळा हाउसिंगचा कर्मचारी असतो, त्याला ऑफिसात जाऊन भेटता येतं. कुठूनतरी अनोळखी ईमेल आला, तुमची निवड झाली आहे, अमुक डॉलर भरा, तर डिलीट करा. फी आहे का, किती, हे फॉर्म भरायच्या आधी सरळ तोंडावर विचारा, तिकडे कुणाला त्याचं वाईट वाटत नाही.

पहिल्या सेमिस्टरला हॉल काउन्सिलच्या मीटिंगला जाऊन बसा. पहिल्या दोन मीटिंगमध्ये काही कळणार नाही, संक्षेपांचा पाऊस असतो, आरएचए (सगळ्या हॉलची मिळून संघटना), एनसीसी (आपली कवायतवाली नव्हे, नॅशनल असोसिएशनशी संपर्क ठेवणारा विद्यार्थी), ओटीएम (ते पुढे सांगते), चालायचंच. पिझ्झा असतो. काहीतरी एक छोटं काम अंगावर घ्या, दिवाळीचा कार्यक्रम चालेल, पण प्लीज फक्त दिवाळीचा नको, नाहीतर चार वर्षं तुम्ही इंडियन इव्हेंटवाली मुलगी म्हणूनच राहता. लॉन्ड्री रूमचं वेळापत्रक, फायनल्सच्या आठवड्यात रात्रीचा चहा, असली कंटाळवाणी कामं कुणालाच नको असतात आणि तीच सगळ्यांच्या लक्षात राहतात.

आता मुख्य गोष्ट, ओटीएम. म्हणजे ऑफ द मंथ. महिन्याचा आरए, महिन्याचा रहिवासी, महिन्याचा कार्यक्रम, फ्रंट डेस्कवाला, अॅडव्हायझर अशा बऱ्याच कॅटेगरी असतात आणि कुणीही कुणासाठीही नॉमिनेशन लिहू शकतं, मेंबर असायची गरज नाही! कॅम्पसवर जिंकलेलं रीजनला जातं, तिथलं जिंकलेलं वर नॅशनलला. एनआरएचएचचं रोजचं काम बघायला गेलं तर निम्मं हेच आहे. म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे की आत जायचा सगळ्यात चांगला रस्ता म्हणजे स्वतःचा अर्ज घासूनपुसून चकचकीत करणं नाही, महिन्याला एक-दोन ओटीएम दुसऱ्यांसाठी नीट लिहिणं. जी संस्था दुसऱ्याचं काम बघून त्याला शाबासकी द्यायला जन्माला आली तिथे हे करणारा माणूस आपोआप दिसतो. शिवाय आपल्याकडच्या पोरांना स्वतःबद्दल बढाया मारायला लाज वाटते, त्यांना तर हा रस्ता सोयीचाच.

लिहायचं कसं? बहुतेक लोक असं लिहितात: माझा आरए खूप चांगला आहे, नेहमी हसतमुख असतो, सगळ्यांना मदत करतो. हे वाचून कमिटीला काय कळणार, असे तर पन्नास येतात. त्याऐवजी असं लिहा: ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात फायर अलार्म रात्री दोनला वाजला, बाहेर थंडी होती, आमच्या आरएने स्वतःच्या खोलीतली ब्लँकेटं वाटली आणि दुसऱ्या दिवशी मजल्यावर कागद लावला की अलार्म कशाने वाजला आणि पुढच्या वेळी कुठे जमायचं, त्यानंतर दोन नवीन मुली पहिल्यांदाच मजल्याच्या मीटिंगला आल्या. बघा, काय केलं, कधी केलं, त्याने कुणाचं काय बदललं, तिन्ही आलं. आणि हो, त्या महिन्यातलंच लिहायचं, ऑगस्टमधलं काम नोव्हेंबरच्या ओटीएममध्ये घातलं तर बाद होतं. शब्दमर्यादा फॉर्मवर असते, ती पाळा. डेडलाइन बहुधा महिनाअखेर किंवा पुढच्या महिन्याचे पहिले काही दिवस, पण ती तुमच्या चॅप्टरची बघा, कारण त्यांना पुढे रीजनला पाठवायचं असतं. इंग्रजी साधं ठेवा, कुणाला दिपवायचं नाहीये.

अर्ज कधी निघतो ते कॅम्पसवर अवलंबून. त्यात साधारण विचारतात की हॉलसाठी काय केलं, आत येऊन काय करणार, आणि कुणाचं तरी शिफारसपत्र. इथे मघाची दोन मूल्यं आठवा आणि त्याला धरूनच लिहा. बारावीचे मार्क, ऑलिंपियाड, तबला विशारद यातलं काही नको. निवड झाली की इंडक्शनचा छोटासा समारंभ होतो, बऱ्याच ठिकाणी मेणबत्त्या आणि पिन (बिल्ला) असते, आईबाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवायला बरं पडतं.

आत गेल्यावर कॉन्फरन्सला नक्की जायचं. रीजनची एक असते, उन्हाळ्याच्या सुरुवातीला नॅशनलची असते, दरवेळी वेगळ्या कॅम्पसवर. तिथे प्रत्येक कॉलेजवाले आपापल्या घोषणा देत बोंबलतात आणि पिनांची अदलाबदल करतात, पहिल्या दिवशी हे सगळं फार विचित्र वाटतं, दुसऱ्या दिवशी तुमचाच आवाज बसलेला असतो.

आणखी एक काम सुचवते, जे फारसं कुणी करत नाही. तुमच्या चॅप्टरचा इतिहास लिहून काढा. मेंबर दर दोन-तीन वर्षांत बदलतात, ड्राइव्हचा पासवर्ड कुणाकडे राहतो ते कळत नाही आणि चॅप्टर कधी सुरू झाला हे सुद्धा लोक विसरतात. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत आर्काइव्ह विभाग असतो, तिथल्या बाईंना किंवा बुवांना भेटा, जुनी इयरबुकं आणि विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्र मागा, १९६४ च्या पुढचीच चाळायची म्हणजे अर्धं काम कमी. हॉलची नावं बदललेली असतात तेव्हा जुना कॅम्पस मॅप जवळ ठेवा. सापडलेल्या फोटोवर साल आणि कुठल्या अंकातला ते लगेच लिहा, नंतर आठवत नाही. आणि जुने मेंबर शोधायचे तर अल्युम्नाय ऑफिसमार्फत, परस्पर फेसबुकवर लोकांच्या मागे लागू नका.

हॉल सोडून बाहेर राहायला गेलात तरी संबंध तुटत नाही, अल्युम्नाय मेंबर म्हणून राहता येतं. रेझ्युमेवर मात्र नुसतं एनआरएचएच लिहू नका, पुण्या-मुंबईतल्या एचआरला सोडा, अमेरिकेतल्या निम्म्या कंपन्यांना पण ते कळत नाही. पूर्ण नाव लिहा, कॅम्पस लिहा आणि खाली एका ओळीत काय केलं ते, म्हणजे किती नॉमिनेशनं लिहिली, त्यातली किती रीजनला गेली, कुठला सेवा उपक्रम चालवला. इंटरव्ह्यूत त्याच ओळीवर प्रश्न येतो.