विशेष गरजा असलेलं मूल शाळेचा टप्पा बदलतं तेव्हा: तयारी दिवाळीपासून

शाळा बदलायची तयारी बहुतेक घरांत मे महिन्यात सुरू होते. वह्यापुस्तकं, गणवेश, रिक्षावाले काका ठरवणं. पण मूल स्वमग्न (ऑटिस्टिक) असेल, त्याला अध्ययन अक्षमता असेल, ऐकण्या-बोलण्याची किंवा चालण्याची अडचण असेल, तर मे फार उशिराचा. दिवाळीची सुट्टी संपली की कामाला लागावं. शाळा बदलताना दाखला पुढे जातो, गुणपत्रकही जातं. मूल कशाने बिथरतं, कसं सांगितलं की ऐकतं, त्याला कुठे बसवलं की लिहितं, हे मात्र जुन्या बाईंच्या मनातच राहतं. ते नव्या शाळेपर्यंत पोचवणं हे या बदलातलं सगळ्यात मोठं काम आहे, आणि ते आईबाबांनाच हातात घ्यावं लागतं.

बालवाडीतून पहिली, चौथीतून किंवा सातवीतून माध्यमिक आणि दहावीतून कॉलेज, हे मोठे टप्पे. यातला प्राथमिकमधून माध्यमिकमध्ये जाण्याचा टप्पा मला सगळ्यात अवघड वाटतो. ठाण्यात कित्येक ठिकाणी दोन्ही शाळा एकाच आवारात असतात, म्हणून पालक निर्धास्त राहतात. पण मुलाच्या दृष्टीने सगळंच बदललेलं असतं. दिवसभर एकच बाई असायच्या, आता तासागणिक नवे शिक्षक येतात. वर्ग तिसऱ्या मजल्यावर जातो. दुपारची शाळा सकाळची होते, म्हणजे झोपेची, जेवणाची, औषधाची वेळही बदलते.

आधी शाळा बघा, तीही मधल्या सुट्टीत

ऑफिसमध्ये बसून शाळा कळत नाही. मधल्या सुट्टीत जा आणि जिन्यावरची गर्दी बघा. स्वच्छतागृहात जाऊन कडी स्वतः लावून पाहा: तुमच्या मुलाला ती उघडता येईल का? पाण्याचा नळ किती उंचीवर आहे? घंटा इलेक्ट्रिकची कर्कश आहे की साधी? वर्गात किती मुलं आहेत? मग मुख्याध्यापकांना विचारा, की गरज पडल्यास वर्ग तळमजल्यावर घेता येईल का, विशेष शिक्षक शाळेत येतात का, आणि मुलाची जबाबदारी नेमकी कोणाकडे असेल. तिसऱ्या प्रश्नाला एका व्यक्तीचं नाव मिळालं पाहिजे. ‘आम्ही सगळेच बघतो’ या उत्तरावर थांबू नका.

‘आमच्याकडे अशी मुलं घेत नाही’ असं कोणी म्हणालं, तर आवाज न चढवता लेखी उत्तर मागा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मधील कलम 16 प्रमाणे सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा असतो आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयीही करायच्या असतात. अर्जाची पोचपावती घेतली की पुष्कळदा बोलण्याचा सूर बदलतो. तरीही नाही म्हणाले, तर महापालिकेच्या शिक्षण विभागात जा.

कागदपत्रं

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र, म्हणजेच यूडीआयडी कार्ड, अजून काढलं नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या. तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून हे जानेवारीच्या आत सुरू करा. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून मिळतं. मुंबईतल्या सायन, नायर, केईएम रुग्णालयांत त्याची तपासणी होते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ही तपासणी चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा करावी लागते. चौदावं वर्ष म्हणजे साधारण आठवी-नववी. तिसरीत काढलेला कागद फाईलमध्ये आहे म्हणून निश्चिंत असलेल्या पालकांची दहावीचे फॉर्म भरताना धांदल उडते ती इथेच.

नवी मुंबईकरांसाठी वाशीतलं महापालिकेचं ईटीसी, म्हणजे दिव्यांगांसाठीचं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र, आणि खारघरमधलं राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन संस्थेचं प्रादेशिक केंद्र ही दोन ठिकाणं माहीत असलेली बरी. समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक शहर साधन केंद्रामार्फत शाळांना जोडलेले असतात. तुमच्या भागासाठी कोण आहेत ते शाळेतून विचारून घ्या. प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, साहित्य यांची चौकशीही त्यांच्याकडेच करायची. त्यासाठी यूडायसच्या, म्हणजे शाळा सरकारला देते त्या ऑनलाइन माहितीच्या, नोंदीत मुलाचा दिव्यांगत्वाचा प्रकार भरलेला हवा. जुन्या शाळेने तो भरलाय का, हे दाखला घेण्याआधी विचारा.

पहिलीला शिक्षण हक्क कायद्यातल्या 25 टक्के राखीव जागांतून प्रवेश हवा असेल, तर दिव्यांग बालक वंचित घटकात येतं आणि उत्पन्नाचा दाखला लागत नाही. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मात्र लागतं.

एक पान मुलाबद्दल

जाडजूड फाईल नवीन शिक्षक जूनच्या गडबडीत वाचत नाहीत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, साठ मुलांचा वर्ग असतो. म्हणून एकच पान लिहा, मोठ्या अक्षरात, जुन्या बाईंना सोबत घेऊन. त्यात निदानाचं नाव एका ओळीत संपवा. बाकीचं पान असं:

‘दोन सूचना एकदम दिल्या तर पहिली विसरतो. एक सांगा, ती झाली की दुसरी. फळ्यावरून उतरवायला दुप्पट वेळ लागतो. शेजारच्या मुलाची वही बघू दिली तर पूर्ण करतो. घंटेच्या आवाजाने कान झाकतो, त्याला उद्धटपणा समजू नये. चिडला तर हात धरू नका, पाणी पिऊन यायला सांगा. परत येतो तेव्हा शांत असतो. रेल्वेचं वेळापत्रक तोंडपाठ आहे. ट्रान्स-हार्बरची स्टेशनं विचारली की मैत्री होते.’

शेवटची ओळ गाळू नका. मुलाला काय येतं हे शिक्षकांना पहिल्याच दिवशी कळलं पाहिजे. आठवीच्या पुढचं मूल असेल तर पान त्यालाच लिहू द्या किंवा त्याने सांगितलेलं तुम्ही लिहा. काही गोष्टी वर्गासमोर बोलू नयेत असं त्याला वाटत असेल, तर तेही त्यात येऊ दे.

एप्रिलमध्ये निकालाच्या सुमारास जुन्या आणि नव्या वर्गशिक्षकांची गाठ घालून द्या. भेट जमत नसेल तर फोन तरी. जुन्या बाई फोनवर दहा मिनिटांत जे सांगतील ते तुम्हाला तासाभरात सांगता येणार नाही.

मे महिना सरावाचा

रिकाम्या शाळेत मुलाला न्या. गेट, जिना, वर्ग, स्वच्छतागृह, पाणी या सगळ्यांचे फोटो काढा आणि घरी रोज बघा. एनएमएमटीच्या (नवी मुंबई महापालिकेच्या) बसने जायचं असेल तर त्याच बसने, त्याच वेळेला जाऊन या. विषयांना रंग ठरवा: गणित निळा, मराठी लाल, वहीचं कव्हर आणि वेळापत्रकातली चौकट एकाच रंगाची. नवा डबा, नवी बाटली आताच वापरायला काढा. घट्ट झाकणाचा डबा मधल्या सुट्टीत उघडला नाही, तर मूल उपाशी राहतं आणि कोणाला सांगतही नाही.

शाळा सुरू होते ऐन पावसात, ही आपल्याकडची मोठी अडचण. ओले मोजे, रेनकोटचा पायांना चिकटणारा स्पर्श, पत्र्यावरचा पावसाचा आवाज कित्येक मुलांना सहन होत नाही. कोरडे मोजे आणि चप्पल दप्तरात ठेवा, रेनकोट घालून घरात फिरायचा सराव करा. तुंबलेल्या पाण्यामुळे बस आली नाही तर काय करायचं, हेही चित्र काढून समजवा.

पहिले सहा आठवडे

‘आज काय केलं?’ असं विचारलं की उत्तर मिळत नाही. ‘डबा कोणाशेजारी बसून खाल्लास?’ असं विचारा. एक छोटी संपर्कवही ठेवा, शिक्षकांनी रोज दोन ओळी लिहिल्या तरी पुरे. रविवारी रात्री पोट दुखायला लागलं, नखं कुरतडणं वाढलं, आधी जमणाऱ्या गोष्टी जमेनाशा झाल्या, तर वाट बघू नका. पहिल्या घटक चाचणीच्या आधी वर्गशिक्षकांना एकदा भेटा. चाचणीत वेळ वाढवून द्यायचा का, तोंडी घ्यायची का, हे तेव्हाच ठरवून घ्या.

इतकं करूनही जमलं नाही आणि विशेष शाळेत जायचं ठरलं, तर ती हार समजू नका. मूल जिथे शिकतं आणि हसतं ती शाळा योग्य. 2016 चाच कायदा लक्षणीय (40 टक्के किंवा जास्त) दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क देतो.

आठवीनंतर

शिक्षण हक्क कायद्याची व्याप्ती आठवीपर्यंत आहे, त्यामुळे 25 टक्क्यांतून आलेल्या मुलाच्या नववीच्या फीचं काय, हे आठवीच्या दिवाळीतच शाळेला विचारा. राज्यात 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्या परीक्षेतल्या सोयींसाठीही आधी लेखी अर्ज द्या.

दहावीच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत वाशीच्या मुंबई विभागीय मंडळाकडे जातो. दर तासाला वीस मिनिटं जादा वेळ, लेखनिक, काही विषयांत सूट किंवा पर्याय मिळू शकतात. लेखनिक घ्यायचा असेल तर नववीपासून सराव करा. मनातलं उत्तर दुसऱ्याला नीट सांगून लिहवून घेणं हे वेगळंच कौशल्य आहे, ते फेब्रुवारीत एकदम येत नाही. राज्य मंडळाचा ताण झेपत नसेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) एकेक विषय करून पाच वर्षांत दहावी पूर्ण करता येते.

अकरावीच्या ऑनलाइन अर्जात दिव्यांग आरक्षणाचा रकाना भरा आणि प्रमाणपत्र जोडा. कॉलेज निवडताना कटऑफइतकंच स्टेशनपासूनचं अंतर आणि लिफ्ट बघा. दहावीला मंजूर झालेल्या सवलती बारावीला आपोआप लागू होत नाहीत. त्यांचा प्रस्ताव कॉलेजमार्फत पुन्हा द्यावा लागतो.